कागदावरचा ठिपक्यांचा चौकोन : क्यूआर कोडाचा एक धडा



हंगाम चालू असो की बंद, आपल्या घरात कागद येतच राहतात. ऊस नोंदणीची चिठ्ठी येते, काट्याची पावती येते, बेण्याचे पत्रक येते, वार्षिक अहवाल येतो. खताच्या गोणीवर आणि औषधाच्या डब्यावरही छापील मजकूर असतोच. अलीकडच्या काही वर्षांत या कागदांच्या कोपऱ्यात काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा एक चौकोन दिसू लागला आहे. लिंबागणेशच्या चहाच्या टपरीवरही बरणीशेजारी तोच चौकोन चिकटवलेला दिसेल.

पोरगं म्हणतं, "आबा, फोन धरा की त्याच्यावर, झाले पैसे." आबा म्हणतात, "धरला रं, पण त्या ठिपक्यात हाय काय, आन् पैसे गेले कुठं, ते मला कसं कळावं?"

आबांचा प्रश्न रास्त आहे. जी वस्तू आपण रोज वापरतो, तिच्या पोटात काय आहे ते ठाऊक नसेल तर एक दिवस फसगत होते. दुसरीही बाजू आहे. नीट वापरला तर हा चौकोन आपल्या छापील कागदाला मोठी ताकद देतो. म्हणून या अंकात आपण हा धडा सावकाश, पायरीपायरीने शिकू. घरात शाळेत जाणारी मुलगी किंवा नातू असेल तर त्याला शेजारी बसवून वाचावे.

१. हा चौकोन म्हणजे काय?

याला क्यूआर कोड म्हणतात. 'क्विक रिस्पॉन्स' या दोन इंग्रजी शब्दांची ती आद्याक्षरे. अर्थ झाला 'झटपट उत्तर'. कोड म्हणजे सांकेतिक लिखाण. आपण देवनागरीत लिहितो तसे हे यंत्राला वाचता येईल अशा लिपीतले लिखाण आहे. काळा चौकोन म्हणजे एक, पांढरा चौकोन म्हणजे शून्य, एवढीच तिची मुळाक्षरे. या एक-शून्याच्या ओळीतून फोन अक्षरे जुळवतो.

एक गोष्ट पहिल्यांदाच पक्की ध्यानात घ्यावी. चौकोनात चित्रफीत नसते, फोटो नसतो, पैसेही नसतात. बहुतेक वेळा त्यात फक्त एक पत्ता असतो. पाकिटावर आपण गाव, तालुका, जिल्हा लिहितो, तसा संकेतस्थळावरच्या एका पानाचा पत्ता. फोन तो पत्ता वाचतो आणि त्या पानावर जातो. लांबलचक पत्ता बोटाने टाइप करताना दहा चुका होतात, त्या वाचतात. इतकेच त्याचे काम. पण काम लहान असले तरी उपयोग मोठा आहे.

२. जन्म कारखान्यातला

आपल्याला जवळची वाटावी अशी गोष्ट म्हणजे या कोडाचा जन्म कारखान्यातच झाला. जपानमध्ये मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या डेन्सो या उद्योगात मासाहिरो हारा नावाचे अभियंता होते. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली हा कोड तयार केला.

त्याआधी उभ्या रेघांचा बारकोड होता. साबणाच्या वडीवर, बिस्किटाच्या पुड्यावर तो आपण बघतो. दुकानात तो पहिल्यांदा वापरला गेला १९७४ साली, अमेरिकेत, च्युइंगमच्या एका पाकिटावर. पण त्या रेघांत वीसेक अक्षरांपलीकडे फारसे मावत नव्हते. त्यामुळे डेन्सोच्या कामगारांना एकाच खोक्यावरचे अनेक बारकोड एकामागून एक वाचत बसावे लागे. दिवसभर तेच काम, हात भरून यायचे. कामगारांची ही तक्रार ऐकून हारा कामाला लागले.

रेघ एका दिशेनेच वाचली जाते. मग उभी आणि आडवी अशा दोन्ही दिशांनी मजकूर भरला तर? जेवणाच्या सुट्टीत ते 'गो' नावाचा खेळ खेळत. पटावरच्या रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे काळ्या-पांढऱ्या सोंगट्या मांडायच्या असा तो खेळ. त्यावरून आपल्याला कल्पना सुचली, असे त्यांनीच पुढे सांगितले आहे.

या कोडाचे पेटंट त्या उद्योगाकडे होते. पण ठरलेल्या नियमाप्रमाणे कोड वापरणाऱ्या कोणाकडूनही पैसे घ्यायचे नाहीत, असे त्यांनी ठरवले. २००० साली त्याला आंतरराष्ट्रीय प्रमाण म्हणून मान्यता मिळाली. म्हणून तो जगभर पसरला. ज्ञान कुलपात ठेवले असते तर आज तो लिंबागणेशच्या टपरीपर्यंत पोचला नसता. सहकारात वाढलेल्या आपल्यासारख्यांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको.

३. चौकोनाची मांडणी : शेताचे उदाहरण

आता कोणताही एक क्यूआर कोड समोर धरा आणि नीट बघा.

तीन कोपऱ्यांत तीन मोठे चौकोन दिसतील. ते हद्दीचे दगड समजा. मोजणीदार आला की आधी हद्दीचे दगड शोधतो, मग साखळी टाकतो. फोनचा कॅमेरा तसाच आधी हे तीन चौकोन शोधतो. चौथ्या कोपऱ्यात तसा दगड मुद्दाम ठेवलेला नाही. त्यावरून फोनला वरची बाजू कोणती आणि खालची कोणती हे समजते. म्हणून फोन आडवा धरा, उलटा धरा, कोड वाचला जातोच.

या कोपऱ्यातल्या चौकोनांचे एक माप ठरलेले आहे. मधून सरळ रेघ ओढली तर काळे-पांढरे पट्टे १ : १ : ३ : १ : १ या प्रमाणात येतात. हे प्रमाण अंदाजाने घेतलेले नाही. हारा यांच्या मंडळींनी पत्रके, मासिके, पुठ्ठ्याची खोकी असे ढीगभर छापील साहित्य तपासले आणि छपाईत सर्वांत कमी आढळणारे प्रमाण निवडले. उद्देश हा, की शेजारच्या मजकुराला फोनने चुकून कोड समजू नये.

कोडाच्या भोवती कोरी जागा असते. ती बांधासारखी. बांध नांगरून टाकला तर शेत कुठे संपते ते कळत नाही. तशी ही कोरी जागा मजकुराने किंवा नक्षीने भरली, तर फोनला कोडाची हद्द सापडत नाही. कोडातल्या एका लहान घराच्या चौपट रुंदीची जागा चारही बाजूंनी कोरी ठेवावी, असा नियम आहे.

आता यातला खरा शहाणपणा बघा. उसाची लागण केली की काही ठिकाणी कोंब उगवत नाहीत, नांग्या पडतात. आपण थोडी जादा रोपे तयार ठेवतो आणि नांग्या भरून घेतो. क्यूआर कोडात तीच सोय आहे. मूळ मजकुराबरोबर काही जादा अंक गणिताने काढून भरलेले असतात. कागदावर चहा सांडला, एखादा भाग खरवडला, तर त्या जादा अंकांवरून फोन गेलेला मजकूर पुन्हा जुळवतो. याच्या चार पातळ्या आहेत. पहिलीत सुमारे ७ टक्के, दुसरीत १५ टक्के, तिसरीत २५ टक्के आणि चौथीत ३० टक्के मजकूर गेला तरी भरून निघतो. मात्र हद्दीचे दगडच उखडले तर मोजणी होत नाही. कोपऱ्यांतले चौकोन फाटले की कोड बाद झाला समजा.

४. किती मजकूर मावतो? थोडे गणित

सर्वांत लहान कोड २१ घरे उभी व २१ घरे आडवी असा असतो. त्यानंतर प्रत्येक पायरीला चार-चार घरे वाढतात. अशा ४० पायऱ्या आहेत. शेवटची पायरी १७७ गुणिले १७७ घरांची. तिच्यात नुसते आकडे भरले तर ७,०८९ मावतात.

पण मावते म्हणून भरायचे नसते. एक हिशेब करून बघू. १५ टक्के दुरुस्तीची पातळी धरली आणि पत्ता २६ इंग्रजी अक्षरांच्या आत असला, तर २५ गुणिले २५ घरांचा कोड पुरतो. तो अडीच सेंटिमीटर रुंद छापला तर एक घर बरोबर १ मिलिमीटरचे होते. साधा फोनही ते वाचतो. तोच पत्ता लांबवून २०० अक्षरांचा केला, तर ५७ गुणिले ५७ घरे लागतात. तेवढ्याच अडीच सेंटिमीटरमध्ये ती बसवली तर एक घर अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान होते. आपल्या अंकासारख्या साध्या कागदावर शाई थोडी पसरते. घरे एकमेकांत मिसळतात आणि फोन नुसता घिरट्या घालत राहतो.

मराठी मजकूर सरळ कोडात भरायचा म्हटला तर आणखी एक अडचण आहे. देवनागरीतले एक अक्षरचिन्ह साठवायला इंग्रजी अक्षराच्या तिप्पट जागा लागते. म्हणून मजकूर संकेतस्थळाच्या पानावर ठेवावा आणि कोडात फक्त त्याचा आखूड पत्ता द्यावा. सरी दाट पाडली म्हणून ऊस जास्त येत नाही. कोडाचेही तसेच आहे.

५. परितेवाडीच्या शाळेने काय केले

छापील कागद आणि संकेतस्थळ यांची सांगड घालायचे उत्तम उदाहरण बघायला जपानला जायला नको. आपल्याच राज्यातल्या सोलापूर जिल्ह्यात ते घडले.

माढा तालुक्यात परितेवाडी नावाचे गाव आहे. तिथल्या जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत २००९ साली रणजितसिंह डिसले गुरुजी रुजू झाले. तेव्हा शाळेची इमारत पडकी होती आणि तिच्या एका अंगाला गुरांचा गोठा होता. गुरुजींनी मुलांच्या पाठ्यपुस्तकाच्या पानांना क्यूआर कोड जोडले. कवितेच्या पानावर फोन धरला की कविता चालीवर ऐकू यायची. धड्याच्या पानावर धरला की समजावून सांगणारी चित्रफीत दिसायची. पुस्तक तेच, छपाई तीच, पण पान बोलू लागले.

गुरुजींनी हा प्रयोग शासनापुढे मांडला. आधी थोड्या प्रमाणावर तो करून बघितला गेला, आणि २०१७ साली राज्याने पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणायचे ठरवले. २०१८ साली केंद्र सरकारनेही एनसीईआरटीच्या पुस्तकांसाठी तसेच जाहीर केले. ३ डिसेंबर २०२० रोजी डिसले गुरुजींना 'ग्लोबल टीचर प्राइज' हा जागतिक पुरस्कार मिळाला. रक्कम दहा लाख डॉलर, म्हणजे त्या वेळच्या हिशेबाने सुमारे सात कोटी रुपये. त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली.

आपल्या दृष्टीने या गोष्टीत तीन धडे आहेत.

पहिला : गुरुजींनी पुस्तक टाकून दिले नाही. कोड पुस्तकाच्या जोडीला आला. फोन नसला तरी पुस्तक वाचता येत होतेच.

दुसरा : कोडामागे खरोखर काहीतरी होते. आधी ध्वनिफिती आणि चित्रफिती तयार झाल्या, मग कोड छापला. पलीकडचे पान रिकामे असेल तर कोड म्हणजे पाणी नसलेल्या विहिरीवरची मोटर.

तिसरा : 'दीक्षा' या केंद्राच्या शैक्षणिक व्यासपीठाशी जोडलेल्या पुस्तकांत कोडाबरोबर सहा अक्षरांचा एक संकेतही छापलेला असतो. कॅमेरा चालला नाही तर तो संकेत हाताने टाइप करता येतो. एक वाट बंद झाली तर दुसरी मोकळी राहते.

इथे एक गोष्ट लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. आपल्या बीड जिल्ह्यातून दरसाल लाखो माणसे कोयता घेऊन ऊसतोडीला बाहेर पडतात. त्यांतल्या कितीकांबरोबर लेकरेही जातात आणि शाळा मागे राहते. पाठ्यपुस्तक मात्र दप्तरात जाते. फडाशेजारच्या कोपीत संध्याकाळी बापाच्या फोनवर कवितेचे पान उघडले, तर ते लेकरू अगदीच तुटून राहात नाही. शाळेची किंवा हंगामी वसतिगृहाची जागा कोड घेऊ शकत नाही, हे खरे. पण आपल्या फडात टोळी उतरली असेल तेव्हा एखाद्या पोराला ते पान उघडून द्यायला आपले पाच मिनिटेच जातील. त्या लेकरांच्या आईबापांच्या हातांनी आपला ऊस गव्हाणीत पडतो, याची जाण आपल्याला असायला हवी.

६. आपल्या कागदांवर याचा उपयोग कुठे?

छापलेला कागद बदलत नाही, ही त्याची ताकद आणि हाच त्याचा दोष. संकेतस्थळावरचे पान बदलता येते. दोन्ही एकत्र आणायचे असतील तर आधी विचार करावा, की या कागदावरचे काय पुढे बदलणार आहे, आणि काय शब्दांत सांगून कळणार नाही.

(अ) कीड-रोगाचे पत्रक : २००२ साली महाराष्ट्रात उसावर लोकरी मावा आला तो जुन्या सभासदांना आठवत असेल. पानाच्या मागची पांढरी लोकर म्हणजे नेमके काय, हे नुसते वाचून ओळखू येत नाही. पत्रकावर कोड असेल तर रंगीत फोटो आणि चित्रफीत बघता येते. हुमणीचे तसेच. भुंगेरे कधी गोळा करायचे ते डोळ्यांनी बघितले की पटते.

(आ) बेण्याचे पत्रक : जातीचे नाव, लागणीचा काळ, अंतर हे छापावे. कोणत्या गटात किती बेणे शिल्लक आहे ते रोज बदलते. ते पानावर ठेवावे आणि तिथे कोड द्यावा.

(इ) वार्षिक अहवाल : अहवालातले ताळेबंदाचे आकडे बारीक टाइपात असतात आणि म्हाताऱ्या डोळ्यांना दिसत नाहीत. तेच पान फोनवर मोठे करून बघता येते. सोबत सोप्या मराठीत ऐकायची ध्वनिफीत ठेवली तर सभेला येणारा सभासद तयारीने येईल आणि नेमका प्रश्न विचारील. सहकारी संस्था प्रश्न विचारणाऱ्या सभासदावर चालते.

(ई) काट्याची पावती : पावतीवर कोड असेल आणि त्यातून कारखान्याच्या नोंदवहीतले त्याच खेपेचे वजन उघडत असेल, तर कागदावरचा आकडा आणि वहीतला आकडा सभासदाला घरबसल्या ताडून बघता येतो. दोन्ही जुळले की शंका राहात नाही. जुळले नाहीत तर पावती हातात घेऊन गट कार्यालयात विचारता येते. मात्र ध्यानात घ्या, नुसता कोड छापला म्हणून पावती खरी ठरत नाही. कोड कोणालाही छापता येतो. पुरावा कोडात नसतो, तो कोडाच्या पलीकडे असलेल्या नोंदीत असतो.

हाच नियम सातबाऱ्याला लावा. १ मे २०१८ पासून राज्यात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. त्याच्यावर पडताळणी क्रमांक छापलेला असतो. कोणी असा सातबारा दाखवला तर त्यावरच्या छपाईला भुलू नका. महसूल विभागाच्या महाभूमी संकेतस्थळावर स्वतः जाऊन तो क्रमांक टाका, आणि तिथे जे दिसेल तेच खरे माना.

७. छापताना घ्यायची काळजी

सहकारी सोसायटी, दूध संस्था, बचत गट, गावचे वाचनालय यांपैकी कोणी आपल्या पत्रकावर कोड छापणार असेल तर हे मुद्दे टिपून ठेवावेत.

१) काळा कोड, पांढरा कागद. पिवळ्यावर हिरवा किंवा काळ्यावर पांढरा असले रंग करू नयेत.

२) हातात धरायच्या कागदावर कोड निदान दोन-अडीच सेंटिमीटरचा असावा. वर सांगितलेल्या २५ घरांच्या कोडाला दोन्ही बाजूंची कोरी जागा धरून ३३ मिलिमीटर जागा सोडावी लागते.

३) फलकासाठी ढोबळ हिशेब असा : जितक्या लांबून वाचायचा त्याच्या दहाव्या हिश्शाइतका कोड रुंद. दहा फुटांवरून वाचायचा तर एक फूट.

४) कागदाची घडी कोडावरून जाऊ देऊ नये. टाचणीही कोडात मारू नये.

५) कोडाखाली दोन ओळी लिहाव्यात. एकीत तो उघडल्यावर काय दिसेल ते, दुसरीत पूर्ण पत्ता. मुका कोड छापू नये.

६) हजार प्रती काढण्याआधी एक प्रत काढावी. ती दोन-तीन वेगवेगळ्या फोनांवर, उन्हात आणि घरातल्या कमी उजेडात वाचून बघावी. पडद्यावर वाचला म्हणून कागदावर वाचला जाईलच असे नाही.

७) रेंजचा विचार करावा. कोड वाचायला इंटरनेट लागत नाही, पण पान उघडायला लागते. बालाघाटाच्या डोंगरात कुठे रेंज असते, कुठे नसते. म्हणून पान हलके ठेवावे. आधी मजकूर, मग फोटो, आणि चित्रफीत शेवटी.

८. पत्ता मोडला की कोड मेला

हा मुद्दा वेगळा लिहितो, कारण सर्वांत जास्त नुकसान इथेच होते. छापलेला कोड पुसून दुसरा लिहिता येत नाही. पाच हजार पत्रके वाटली आणि पुढच्या वर्षी संकेतस्थळावरचे ते पान कोणी हलवले किंवा काढून टाकले, तर पाच हजार घरांत बंद दाराची किल्ली पोचली असे झाले.

कोड दोन तऱ्हेचे असतात. एका तऱ्हेत आपल्या पानाचा पत्ता थेट कोडात असतो. दुसऱ्या तऱ्हेत मधल्या एका कंपनीचा पत्ता असतो आणि ती कंपनी वाचकाला आपल्या पानाकडे वळवते. दुसऱ्या तऱ्हेत सोय आहे, पान बदलले तरी कोड तोच चालतो. पण मधल्याने दुकान बंद केले, किंवा 'आता पैसे भरा' म्हणाला, की आपला छापील कोड त्याच्या हातात अडकला. व्यवहारात मधला माणूस किती जपून घ्यावा लागतो ते शेतकऱ्याला सांगायला नको. त्यावर उपाय म्हणजे संस्थेचे स्वतःचे संकेतस्थळ असावे, पत्ता त्याच्यावरचाच द्यावा, आखूड द्यावा, आणि एकदा छापलेला पत्ता कधीही मोडू नये. पानातला मजकूर हवा तेव्हा बदलावा. आणि हे सांभाळायची जबाबदारी एका ठराविक माणसावर नावानिशी टाकावी.

९. फसगत कशी होते आणि कशी टाळावी

आता आबांच्या प्रश्नाकडे येऊ. पैसे कुठे जातात?

आपल्या देशात २०१६ साली यूपीआय सुरू झाले आणि दुकानादुकानांत पैशाचे कोड लागले. त्या कोडात दुकानदाराच्या खात्याशी जोडलेला पत्ता असतो. आपण रक्कम आणि पिन टाकला की आपल्या खात्यातून पैसे निघून त्या पत्त्यावर जातात. यातून चार नियम निघतात.

पहिला नियम : पिन फक्त पैसे द्यायला आणि आपली शिल्लक बघायला लागतो. पैसे घ्यायला पिन लागत नाही आणि कोड स्कॅनही करावा लागत नाही. 'तुमच्या उसाचे बिल अडकले आहे, हा कोड स्कॅन करून पिन टाका म्हणजे जमा होईल' असा निरोप कोणाचाही आला, तो कारखान्याचे नाव सांगत असो की बँकेचे, तरी तो लबाडच समजावा. उसाचे बिल बँकेच्या खात्यावर जमा होते. त्यासाठी सभासदाला काहीही स्कॅन करावे लागत नाही.

दुसरा नियम : कोड वाचल्यावर पडद्यावर नाव येते. ते नाव मोठ्याने वाचून दुकानदाराला विचारावे, "हेच नाव का?" खऱ्या कोडावर दुसराच कोड चिकटवण्याची लबाडी होते. नखाने कडा चाचपून बघितली तरी वरचा कागद कळतो.

तिसरा नियम : पत्ता उघडण्याआधी फोन तो दाखवतो. तो वाचावा. आपल्या ओळखीच्या संस्थेच्या नावात एखादे अक्षर इकडचे तिकडे केलेले असेल तर उघडू नये. आधार, खाते क्रमांक, ओटीपी मागणाऱ्या अनोळखी पानावर काहीही भरू नये. रस्त्याच्या खांबावर चिकटवलेला अनोळखी कोड म्हणजे निनावी पत्र. उत्सुकता वाटली तरी फोडू नये.

चौथा नियम : तरीही पैसे गेलेच तर लाज धरून गप्प बसू नये. ताबडतोब १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर फोन करावा आणि आपल्या बँकेला कळवावे. जितका उशीर तितके पैसे पुढे पुढे सरकतात. फसलेला माणूस मूर्ख नसतो. पण गप्प बसलेला माणूस शेजाऱ्यालाही फसू देतो.

१०. ज्याच्याकडे फोन नाही त्याचे काय?

शेवटी मुख्य गोष्ट. आपल्या सभासदांत साधा बटणांचा फोन वापरणारे आहेत. फोनच नसलेले आहेत. नजर कमी झालेले आहेत. आणि शेअर आपल्या नावावर आहे, पण फोन मात्र मुलाच्या हातात आहे, अशा कित्येक माउल्या आहेत. सहकारात हक्क सर्वांचा सारखा आहे. एक सभासद, एक मत. मग माहितीही सर्वांना सारखीच पोचली पाहिजे.

म्हणून नियम असा असावा, की जे कळणे सभासदाचा हक्क आहे ते कागदावरच छापावे. सभेची तारीख, वेळ, विषय, उसाचा भाव, नोंदणीची मुदत, तक्रार कुठे करायची, ही माहिती कोडामागे लपवू नये. कोडामागे जादा माहिती असावी. फोटो, चित्रफीत, जुने अहवाल, ताजे आकडे. 'कोडात सगळे दिले होते, तुम्ही बघितले नाही' असे उत्तर सभासदाला कोणालाही देता येता कामा नये. आणि ज्या घरी स्मार्टफोन आहे त्याने शेजारच्या घरी नसेल तर तेवढे पान उघडून दाखवावे. एका पानाला असे किती खर्चायचे?

स्वाध्याय

१) घरातला क्यूआर कोड असलेला कोणताही कागद घ्या. हद्दीचे तीन दगड आणि भोवतीचा बांध दाखवा.

२) तोच कोड उघडण्याआधी त्यातला पत्ता वाचा. तो कोणाचा आहे ते घरच्यांना सांगा.

३) मुलाच्या पाठ्यपुस्तकातला एक कोड त्याच्याबरोबर उघडा आणि तो धडा दोघांनी मिळून बघा.

४) कोडाच्या एका कडेला बोट ठेवून वाचून बघा, मग कोपऱ्यातला चौकोन झाकून वाचून बघा. काय फरक पडला आणि का, ते सांगा.

५) 'पैसे घ्यायला पिन लागतो का?' हा प्रश्न घरातल्या प्रत्येकाला विचारा. सर्वांचे उत्तर 'नाही' येईपर्यंत सोडू नका.

पाचव्या प्रश्नाचे उत्तर घरातल्या सगळ्यांना बरोबर देता आले, तर या धड्याचे चीज झाले असे समजू. बाकीच्या शंका गट कार्यालयात लिहून द्याव्यात, पुढच्या अंकात त्यांचा विचार करू.